चेक इंजिनचा दिवा आणि ‘पी ०४२०’ : कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी काय तपासावे

पेट्रोल गाडीच्या मीटरमध्ये इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर ‘पी ०४२०’ असा कोड निघतो आणि मेस्त्री सांगतात, ‘‘कॅट गेलंय साहेब, नवीन घालावं लागतंय.’’ कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा डबा. किंमत ऐकून मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण सायलेन्सरच्याच नळीत बसलेला हा डबा प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंच्या लेपामुळे महागडा असतो. परंतु ‘कन्व्हर्टर बदला’ असा या कोडचा अर्थ नाही. धूर स्वच्छ करण्याची कन्व्हर्टरची क्षमता ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली आलेली दिसते, एवढीच नोंद इंजिनच्या संगणकाने केलेली असते. ती खरोखर खाली आली आहे की तशी नुसती दिसते आहे, आणि खरोखर आली असल्यास कशामुळे, हे शोधणे माणसावर सोडलेले असते. कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. इंजिनमधला दुसराच कुठला तरी दोष त्याचा जीव घेतो, आणि तो दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या गाडीमालकांनी खर्चाला हो म्हणण्याआधी कोणत्या क्रमाने काय पाहावे, ते येथे मांडले आहे. हे विवेचन पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांपुरते आहे; डिझेल गाड्यांच्या धुराची यंत्रणा वेगळी असते.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो?

सर्वांत आधी दिव्याकडे नीट पाहावे. पिवळा दिवा स्थिर लागला असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर घाबरून रस्त्याच्या कडेला उभे राहण्याचे कारण नाही. घरी जावे, आणि चार-आठ दिवसांत तपासणी करून घ्यावी. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. इंजिनच्या एका किंवा अधिक सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही आणि त्यामुळे कन्व्हर्टरचे नुकसान होऊ शकते, असा त्याचा अर्थ असतो. आपल्याकडे याला गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. न जळलेले पेट्रोल आणि न वापरला गेलेला प्राणवायू दोन्ही तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि तेथे जळतात. आतले तापमान मग हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते.

गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढत असताना दिवा लुकलुकू लागला, तर ‘कणकुंबीपर्यंत जाऊ, मग बघू’ हा हिशेब महागात पडतो. ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि पुन्हा सुरू केल्यावरही इंजिन थरथरत असेल तर टोइंगची गाडी बोलवावी. स्पार्क प्लग किंवा त्याला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल बदलण्याचा खर्च कन्व्हर्टरच्या पुढे किरकोळ असतो. चढावर मिसिंग मारत दामटलेली गाडी त्या किरकोळ खर्चाचे रूपांतर मोठ्या खर्चात करते.

यंत्रणा निर्णय कसा घेते

कोडचा अर्थ लावायचा तर कन्व्हर्टरची परीक्षा कशी घेतली जाते ते समजले पाहिजे. डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीची वीट असते आणि तिच्यावर वर सांगितलेल्या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान आले की हा लेप काम करू लागतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे तो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. लेपात सेरियमचे ऑक्साइडही मिसळलेले असते. धुरात प्राणवायू जास्त झाला की ते तो साठवून ठेवते आणि कमी पडला की सोडते. प्रदूषण थेट मोजणारे कोणतेही उपकरण गाडीत नसते. संगणक मोजतो तो हा साठा.

त्यासाठी दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज चालू गाडीत ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो, कारण संगणक पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी कमी-जास्त करत असतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर हे चढउतार साठ्यात विरून जातात आणि मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. साठवण्याची ताकद गेली की मागचा सेन्सरही पुढच्याची नक्कल करत नाचू लागतो. ही नक्कल मर्यादेबाहेर गेल्याचे गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत आढळले की दिवा लागतो आणि ‘पी ०४२०’ नोंदला जातो. पहिल्या फेरीतली नोंद ‘पेंडिंग’ म्हणून राहते, म्हणून दिवा न लागताही स्कॅनरवर कोड दिसू शकतो. ‘पी ०४३०’ हा जोडकोड व्ही आकाराच्या इंजिनाच्या दुसऱ्या बाजूसाठी असतो. आपल्या रस्त्यांवरच्या तीन आणि चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत तो येण्याचा प्रश्नच नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. सगळा निर्णय मागच्या सेन्सरच्या वागण्यावर उभा आहे. त्याच्याभोवतीच्या नळीत बाहेरची हवा शिरत असेल, तो स्वतः बिघडला असेल किंवा पुढून येणारे मिश्रणच सतत चुकीचे असेल, तर चांगल्या कन्व्हर्टरवरही ठपका येऊ शकतो.

कोड पुसू नका, आधी लिहून घ्या

गॅरेजमध्ये पुष्कळदा कोड वाचतावाचताच पुसला जातो आणि ‘आता बघा, परत आला तर या’ असे सांगितले जाते. त्यामुळे सर्वांत उपयोगी माहिती नष्ट होते. कोड पक्का होतो त्या क्षणी संगणक इंजिनची अवस्था गोठवून ठेवतो. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. गाडीचा वेग, इंजिनचे आरपीएम, पाण्याचे तापमान, इंजिनवरचा भार आणि मिश्रण नीट ठेवण्यासाठी संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते दाखवणारे ‘फ्युएल ट्रिम’चे आकडे तिच्यात असतात. मेस्त्रींना स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढू द्या म्हणून सांगावे; नाही म्हणायचे त्यांना काही कारण नसते. मेस्त्री मराठी बोलणारे असोत वा कानडी, बिल कोणत्याही लिपीत असो, कोड सगळीकडे तोच असतो आणि तो फोटो उद्या दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवता येतो.

स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो आणि फोनवरच्या ॲपमध्ये हे आकडे दिसतात. ज्यांच्या गाडीची वॉरंटी संपली आहे त्यांनी तो घेऊन ठेवावा, असे माझे मत आहे. चालत्या गाडीत फोनकडे मात्र शेजारी बसलेल्याने पाहावे, चालवणाऱ्याने नव्हे.

सोबत कोणते कोड आहेत, यावर पुढची दिशा ठरते. ‘पी ०३००’ ते ‘पी ०३०४’ यांपैकी एखादा असेल तर मिसफायर, म्हणजे वर सांगितलेले मिसिंग, आहे. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, ‘पी ०१७२’ म्हणजे जास्त. ‘पी ०१३०’ ते ‘पी ०१३५’ हे पुढच्या सेन्सरचे आणि ‘पी ०१३६’ ते ‘पी ०१४१’ हे मागच्या सेन्सरचे किंवा त्याच्या हीटरचे कोड आहेत. यांपैकी काहीही ‘पी ०४२०’ च्या जोडीला असेल, तर आधी ते दुरुस्त करावे आणि कन्व्हर्टरचा विषय तोपर्यंत बाजूला ठेवावा.

फ्युएल ट्रिम वाचताना एक स्थानिक सावधगिरी हवी. दीर्घकालीन ट्रिम उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असला तर साधारणपणे काळजीचे कारण नसते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ती फक्त नऊ भाग लागते, म्हणून वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलला साधारण साडेतेरा भाग पुरते. आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल मिसळलेले हे इंधन जुन्या गाडीत भरले, तर ट्रिम शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे आठ टक्के वर सरकणे हा गणिताचा भाग आहे, गाडीचा दोष नव्हे. तोच आकडा पंधरा-वीसच्या पुढे गेला तर मात्र हवा कोठून तरी चोरून आत शिरते आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे, असे समजावे.

गाडीत काही बिघडले की पेट्रोलला, आणि तेही सीमेपलीकडच्या पंपाला, दोष देण्याची आपल्याकडे रीतच आहे. कागलकडून येणारा निपाणीच्या पंपाला नावे ठेवतो, बेळगावचा माणूस गोव्यात भरलेल्या टाकीवर संशय घेतो. कन्व्हर्टर हमखास मारणारे शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २००० सालीच बंद झाले, आणि बीएस-६ इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग अशी सगळ्या राज्यांत एकच आहे. एखाद्या टाकीत भेसळ निघू शकते. पण तिने इंजिन अडखळेल, मिसफायरचे कोड येतील. नुसता ‘पी ०४२०’ एका टाकीमुळे आला, असे मानणे कठीण आहे.

गाडीखाली वाकून पाहायच्या गोष्टी

पहिली तपासणी गळतीची. ती सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. गाडी सपाट जागी जॅक-स्टँडवर किंवा गॅरेजच्या लिफ्टवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. इंजिन सुरू करून एकाने जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड काही क्षण दाबून धरावे आणि दुसऱ्याने इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत कान लावून ऐकावे. ‘फुस्स’ असा आवाज आला किंवा जोडांवर टाकलेल्या साबणाच्या पाण्याचे बुडबुडे दिसले की गळती सापडली. न ऐकताही ती ओळखता येते. फ्लँजच्या, म्हणजे नळ्यांची टोके बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांच्या जोडावर, मधल्या गॅस्केटच्या कडेपासून पंख्यासारखी पसरलेली कोरडी काळी काजळी दिसते, बोटाने पुसली की निघते, आणि दोन-तीन दिवस गाडी चालवली की पुन्हा त्याच जागी येते. धूर झटक्याझटक्यांनी वाहतो, त्यामुळे दोन झटक्यांच्या मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला प्राणवायू जास्त असल्याचा भास होतो.

गॅस्केट किंवा पॅकिंग बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. फ्लँज वाकली असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवर ती फेस, म्हणजे सपाट, करून घेता येते, आणि गंजून तुटलेला स्टड काढण्याचे कसबही तेथे आहे. नळीला वेल्डिंग करायचे असल्यास आधी बॅटरीची उणे वायर सोडवावी आणि जवळचा सेन्सर काढून ठेवावा. जोडाला साधे सिलिकॉन सीलंट फासू देऊ नये. सिलिकॉनची वाफ सेन्सरवर पांढरा थर बसवते आणि तो सेन्सर पुन्हा सुधारत नाही.

वाकून पाहताना डब्यावर ठोकर बसली आहे का तेही पाहावे. आपल्याकडच्या गावोगावच्या उंच हंपवर पाच माणसे आणि डिकीत सामान असलेली गाडी तळाला घासते. डब्याच्या पत्र्यावर पोचा पडला असेल तर आतली वीट तडकली असण्याची शक्यता धरावी. थंड डब्यावर रबरी हातोडीने किंवा मुठीने हलकेच ठोकावे. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर वीट फुटली आहे, आणि मग बाकीची चर्चा संपली.

पाण्याचाही विचार करावा. पावसाळ्यात चिकोडी-निपाणी भागात दूधगंगा-वेदगंगेवरचे बंधारे पाण्याखाली जातात आणि ‘चाकं बुडत नाहीत तोवर जातंय’ म्हणत लोक गाड्या घालतात. घाट उतरून किंवा हायवेवरून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर त्या वेळी कित्येक शे अंशांवर तापलेला असतो. त्याला अचानक थंड पाण्यात बुडवणे विटेला तडा देऊ शकते, आणि सेन्सरच्या प्लगात पाणी गेले तर चुकीचे व्होल्टेज दाखवले जातात. पाण्यातून गाडी नेल्यानंतर दोन-चार दिवसांत कोड आला असेल तर आधी ते प्लग उघडून, हिरवट गंज चढला आहे का पाहून, कोरडे करावेत.

याच उष्णतेमुळे उसाच्या हंगामात लांबून आलेली गाडी शेताच्या कडेला वाळलेल्या पाचटावर उभी करू नये. मिसिंग मारणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर हा धोका आणखी वाढतो.

मागचा सेन्सर काय म्हणतो

बाहेरून काही सापडले नाही तर सेन्सरचा आलेख पाहावा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. टिळकवाडीतून निघून खानापूर रोडने पंधरा-वीस मिनिटे गेले की पुरते. मग गाडी थांबवून आरपीएम अडीच हजारांवर दोन-तीन मिनिटे स्थिर धरावा आणि ॲपमध्ये ‘बँक १, सेन्सर २’ चा, म्हणजे मागच्या सेन्सरचा, व्होल्टेज पाहावा. रेषा ०.६ ते ०.८ च्या दरम्यान सपाट, फार तर हळूहळू तरंगत राहिली, तर कन्व्हर्टर काम करतो आहे आणि कोडचे कारण अन्यत्र शोधायला हवे. रेषा ०.१ आणि ०.८ यांच्यामध्ये भराभर वरखाली होऊ लागली, गळती नसताना आणि ट्रिम ठीक असतानाही तसेच राहिली, तर कन्व्हर्टर थकला आहे असे मानायला आधार मिळतो.

येथे दोन ठिकाणी गफलत होते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल बंद करतो आणि मागचा सेन्सर शून्याजवळ जातो; तो दोष नाही. दुसरे असे की अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो, त्याचे आकडे वेगळ्या पद्धतीने येतात आणि तो ठरावीक पद्धतीने वरखाली होत नाही. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या रेषांची तुलना करण्यात अर्थ नाही. फक्त मागची पाहावी.

मागचा सेन्सर जिवंत आहे ना, हेही पडताळावे. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारतो आणि सोडल्यावर खाली येतो का, ते पाहावे. काहीही केले तरी एकाच आकड्यावर चिकटलेला किंवा फार सावकाश हलणारा सेन्सर बदलावा. पण ‘आधी सेन्सर बदलून बघू’ हा सल्ला सरसकट मानू नये. आळसावलेला सेन्सर रेषा सपाट दाखवतो, म्हणजे उलट खराब कन्व्हर्टरला पाठीशी घालतो. त्यामुळे नव्या सेन्सरने ‘पी ०४२०’ जाण्याचे प्रसंग लोक समजतात तेवढे नसतात.

गाडी ओढत नसेल, तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडत असेल आणि आरपीएम एका मर्यादेपलीकडे चढत नसेल, तर डबा तुंबला आहे का ते पाहावे. ‘पी ०४२०’ आणि तुंबणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एक असताना दुसरी असेलच असे नाही. तपासायचे तर पुढचा सेन्सर काढून त्याच्या जागी दाबमापक लावावा. आयडलिंगला सव्वा-दीड पीएसआय आणि अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला, तर धुराला वाट मिळत नाही. पुढच्या आणि मागच्या बाजूचे तापमान इन्फ्रारेड गनने मोजून निकाल देण्याची पद्धत गॅरेजमध्ये लोकप्रिय आहे. मी तिच्यावर एकटीवर कधी विसंबत नाही, कारण चांगल्या इंजिनचा धूर मुळातच स्वच्छ असला की चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक थोडाच दिसतो.

मारेकरी शोधणे

कन्व्हर्टर खरोखर गेला आहे असे ठरले, तरी नवा मागवण्यापूर्वी जुना कशाने गेला ते सांगता आले पाहिजे. मिसफायर हा पहिला संशयित. स्पार्क प्लग काढून पाहावेत, त्यांची फट मोजावी, कॉइल अदलाबदल करून मिसफायर त्या कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर सरकतो का पाहावे. येथे जुन्या मेस्त्रींची एक सवय थांबवायला हवी. कोणता सिलिंडर बंद आहे हे ओळखण्यासाठी चालू इंजिनच्या कॉइलचा किंवा प्लगचा वायर काढून आवाज ऐकण्याची पद्धत कार्बोरेटरच्या काळात चालून गेली. आज त्या वेळात कच्चे पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाते. त्याऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढावा. पेट्रोलच बंद होते आणि निष्कर्ष तोच मिळतो. बॅटरी उतरलेली गाडी ढकलून बराच वेळ झटके देत सुरू करणेही याच कारणासाठी वाईट.

दुसरा संशयित इंजिन ऑइल. ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त जळून धुरात आले की लेपावर काचेसारखा थर धरतात. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल ओतावे लागत असेल, सकाळी पहिल्या रेसला निळसर धूर निघत असेल, तर आधी रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि इंजिनच्या पोटातली वाफ परत आत ओढू देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह यांच्याकडे पाहावे. तिसरा संशयित कूलंट. बाटलीतली पातळी बाहेर गळती नसताना घटत असेल तर हेड गॅस्केटची तपासणी करावी. सीएनजी किट बाहेरून बसवलेल्या गाडीत किटचे ट्यूनिंग चुकल्याने मिश्रण वर्षभर चुकीचे राहू शकते. म्हणून तपासणी पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळी करावी.

फक्त बेळगाव शहरात, शहापूर ते कॅम्प एवढ्याच अंतरावर फिरणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर नीट तापतच नाही आणि त्यावर काजळी बसते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास चालवले तर काजळी जळून जाऊ शकते, आणि क्वचित कोडही जातो. ऑइल किंवा सिलिकॉनने झालेली विषबाधा मात्र अशी जात नाही, आणि टाकीत ओतायच्या ‘कॅट क्लीनर’च्या बाटल्यांनीही जात नाही.

बदलायचाच असेल तर

आधी वॉरंटीचे पुस्तक उघडावे. कन्व्हर्टर त्यात कोणत्या अटींवर येतो ते गाडीगणिक वेगळे असते. नवा भाग चासी नंबर सांगून, बीएस-४ की बीएस-६ ते स्पष्ट करून मागवावा, कारण दोन्हींतला लेप आणि सेन्सरची जागा एक नसते. स्वस्त पर्यायी कन्व्हर्टरमध्ये धातूंचा लेप पातळ असतो आणि कोड काही महिन्यांत परत येऊ शकतो. घ्यायचाच असेल तर बिलावर वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. काढलेला जुना डबा आपला असतो. त्यातल्या धातूंना भंगारात चांगला भाव येतो, त्यामुळे तो परत मागावा किंवा बिलातून त्याची वजावट करून घ्यावी. ‘जुनं काय करताय, टाकून देतो’ असे कोणी म्हटले तर तेवढ्यावर सोडू नये.

डबा काढून सरळ पाइप टाकणे, आतली वीट फोडून रिकामा डबा बसवणे, मागच्या सेन्सरखाली त्याला धुरापासून दूर ठेवणारा स्पेसर लावून त्याची फसवणूक करणे किंवा सॉफ्टवेअरमधून कोड बंद करणे, हे चारही उपाय बाजारात उघडपणे सुचवले जातात. प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारी गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिन्यांसाठी परवान्यावर गदा येऊ शकते. एमिशन टेस्टमध्ये पास झाली म्हणजे गाडी ठीक, असेही मानू नये. ती चाचणी उभ्या गाडीवर होते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भाग एवढीच मर्यादा असते. ‘पी ०४२०’ असलेली गाडी त्यात पास होऊ शकते, आणि तसे सर्टिफिकेट हाती असले तरी चढावरचा धूर त्याने बदलत नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसून दिवा गेला म्हणजे काम झाले असे नाही. पुसताना तपासण्यांच्या नोंदीही कोऱ्या होतात आणि संगणकाला कन्व्हर्टरची परीक्षा नव्याने घ्यावी लागते. त्यासाठी रात्रभर थंड राहिलेली गाडी सकाळी सुरू करावी, दोन मिनिटे आयडलिंगवर ठेवावी आणि धारवाडच्या दिशेने हायवे धरून ७० ते ८० च्या स्थिर वेगाने किमान दहा-पंधरा मिनिटे चालवावी. मध्ये दोन-तीनदा ब्रेक न लावता, गिअरमध्येच ठेवून, वेग ४० च्या आसपास उतरू द्यावा. हिरेबागेवाडीपर्यंत जाऊन परत आले की बहुतेक गाड्यांना पुरते. मग स्कॅनरवर ‘कॅटलिस्ट मॉनिटर’, म्हणजे कन्व्हर्टरची ही परीक्षा, पूर्ण झाला आहे का आणि पेंडिंग कोड आहे का, ते पाहावे. मॉनिटर पूर्ण आणि पेंडिंग रिकामे असेल तरच मेस्त्रींचे उरलेले पैसे द्यावेत. मॉनिटर पूर्ण होऊन कोड पुन्हा आला, तर सर्वांत आधी नव्या डब्याच्या दोन्ही गॅस्केटवर काजळी उमटली आहे का, ते पाहावे.